आक्का, आईंना विचारलं

आक्का, परवा निपाणीत तुम्ही गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी निघून गेले, पाहुण्यांची जेवणं उरकली, आणि अंगणातल्या सतरंज्या गोळा व्हायच्या आतच तुमचे दोघे भाऊ तुमच्या आईंना कुणी न्यायचं या विषयावर आले. धाकटे म्हणाले, पावसाळाभर हुबळीला माझ्याकडे, मग पुण्याला दादाकडे. थोरले म्हणाले, पुण्याची थंडी तिला सोसायची नाही, तेव्हा थंडीपुरती पुन्हा तूच ने. दोघेही चांगलंच बोलत होते हो. कुणाच्या आवाजात टाळाटाळ नव्हती. आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू येत होतं. आणि मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू! ही गोष्ट निस्तरायला तुम्हीच हव्या होतात, आणि नेमक्या तुम्हीच नव्हतात.

तुमच्याबद्दल पुष्कळ लोक बोलले. तुमचं कॉलेज, तुमच्या पदव्या, समाजकार्याच्या पोरींना तुम्ही कसं शिकवलंत, म्हाताऱ्या माणसांवरचं तुमचं संशोधन परदेशात कसं वाचलं गेलं. सगळं खरं होतं. मलाही बोला म्हणाले, मी नकारार्थी मान हलवली. माझं बोलणं तुमच्याशी होतं, त्यांच्याशी नव्हतं, म्हणून घरी येऊन लिहायला बसले.

अनगोळातल्या माझ्या दारात तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. खांद्याला झोळी, हातात छापील कागदांचा गठ्ठा. कुठल्या कुठल्या देशांतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि त्यांचं करणाऱ्यांना एकसारखे प्रश्न विचारायचे आणि कोण किती सुखात आहे ते बघायचं, असं ते काम होतं. मला वाटलं, शिरगणतीच्या बाई आल्या. आमच्या सासूबाईंना, म्हणजे आम्ही ज्यांना आत्ती म्हणतो त्यांना, तुम्ही सोप्यात बसवून विचारलंत की आयुष्याबद्दल तुम्ही फार समाधानी आहात, समाधानी आहात, बऱ्यापैकी आहात, असमाधानी आहात की फार असमाधानी. आत्तींनी पाचही उत्तरं नीट ऐकून घेतली.

"आगं पोरी," त्या म्हणाल्या, "सकाळी एक आसतंय, दुपारी एक आसतंय. तुला कुठल्या येळचं पायजे?"

तुम्ही हसलात, पण लिहिलंत काहीतरी. मग जेवण वेळेवर मिळतं का, औषध कोण आणतं, आजारपणात कोण बघतं, अशी प्रश्नांची माळ झाली आणि आत्ती प्रत्येकाला "बरं हाय की" म्हणत गेल्या. मी आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. आमच्या घराला तुमच्या कागदावर चांगले गुण पडणार हे मला दिसत होतं.

पुढं तुम्ही कागद बाहेरच ठेवून सैपाकघरात आलात. माझ्या पुढ्यातलं तांदळाचं सूप ओढून घेतलंत, खडे वेचायला लागलात, आणि वर न बघता म्हणालात, "तुम्ही दमत नाही का हो?"

मी म्हटलं, "छे, त्यात काय दमायचं? घरचंच तर आहे."

तुम्ही निघून गेलात आणि मी जी बसले ती दुपारभर उठलेच नाही. हे मी तुम्हाला पुढं कितीदा ऐकवलं! "तोवर मी धडधाकट होते. तुम्ही विचारलंत आणि मी दमले." त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "थर्मामीटर लावलं म्हणून ताप येत न्हाय, सुनंदा." येतो, आक्का. मी अजून म्हणते, येतो. ते भांडण आपलं तसंच राहिलं.

आमच्या घराला पडलेले ते चांगले गुण मात्र फार दिवस टिकले नाहीत. तुम्ही कडोलीला गेलात आणि सगळं उघडं पडलं.

आमचं मूळ घर कडोलीचं. माझे यजमान आणि थोरले दीर वेगळे झाले तेव्हा पंच बसवून वाटणी झाली. रान, भांडी, जनावरं, सगळं समसमान. मग राहिली दोन म्हातारी माणसं. भाऊही दोनच. मामा, म्हणजे आमचे सासरे, रान सोडून राहायचे नाहीत म्हणून ते थोरल्याकडे कडोलीत. माझी पोरं लहान, आत्तींच्या डोळ्यांना बेळगावचा दवाखाना जवळ, म्हणून त्या आमच्याकडे अनगोळला. कुणावर भार नको, कुणावर अन्याय नको. पंच खूश झाले, चहा झाला, सगळे उठले. आत्ती-मामांनाही काही वाटलं नाही, निदान ते बोलले नाहीत. आमच्या भागात अशी कितीतरी घरं आहेत. माणसं ह्याला नीट वाटणी म्हणतात, आणि आम्हीही म्हणत होतो.

कडोलीत तुम्ही ज्या घरी गेलात ते आमचंच, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मामा गोठ्यात बसले होते. त्यांचीही उत्तरं आत्तींसारखीच, सगळं बरं हाय. रोज कुणाशी बोलता, असं विचारल्यावर म्हणाले, "म्हशीसंगट." तुम्ही उठायला लागलात तसं त्यांनी विचारलं,

"बाई, तुमी अनगोळाकडंबी जातायसा काय?"

"जाते की आप्पा. का?"

"तिकडं एक म्हातारी हाय. तिचं गुडघं कसं हायत, तेवढं बघून सांगशीला?"

"तुमची भण व्हय?"

मामांनी तोंड फिरवलं आणि बांधलेल्याच म्हशीचं दावं पुन्हा बांधायला घेतलं. "भण न्हवं," एवढंच म्हणाले.

त्या पिढीत नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव कसं घ्यायचं? सणावाराला भेट व्हायची, पण भेट म्हणजे काय, ते सोप्यात आणि त्या चुलीपाशी. चारचौघांत गुडघ्यांची चौकशी करायची कुणी? त्यासाठी मामांना परक्या बाईची वाट बघावी लागली. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा आधी हसलात, मग पदरानं डोळे पुसलेत.

अनगोळातली ती म्हातारी कोण, हे जावेला विचारून तुम्ही कडोलीहून थेट माझ्याकडं आला होतात. त्या दिवशी झोळीतून कागद काढलाच नाहीत. आत्तींजवळ बसलात, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि विचारलंत, "आत्ती, कडोलीला जाऊन आले. तुम्हांला कुणाजवळ ऱ्हावंसं वाटतंय?"

आत्तींनी आधी माझ्याकडं बघितलं. "जितं ठेवतील तितं."

तुम्ही गप्प राहिलात. तुमच्या सगळ्या शिक्षणात ते गप्प राहणं मला भारी वाटतं, आक्का. दुसरं कुणी असतं तर पुढचा प्रश्न विचारून मोकळं झालं असतं. शेवटी आत्तींनी पदर पुढं ओढला आणि हळूच म्हणाल्या, "त्येनी इचारलं व्हय?"

मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं रडले मी. मी त्यांना वेळच्या वेळी भाकरी देत होते, पाय चेपत होते, डोळ्यांत थेंब घालत होते, तिकडं थोरली जाऊ मामांचं सगळं करत होती, आणि दोन्ही घरांत कुणीही वाईट नव्हतं. तरी दोन माणसांचं सगळं आयुष्य आम्ही भांड्यांबरोबर वाटून टाकलं होतं.

हा प्रश्न कुठल्याच देशाच्या कागदावर नाही, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत.

मग तुम्ही मला घेऊन कडोलीला गेलात. थोरली जाऊ आणि मी वाटणीनंतर कामापुरत्याच बोलायचो. तिची जीभ तिखट, माझा राग नाकाच्या शेंड्याला. भुईमूग काढणीला आला होता, सोप्यात वेलांचा ढीग पडला होता. तुम्ही काही भाषण केलं नाही. शेंगा तोडायला बसलात, आम्ही दोघी तुमच्या दोन बाजूंना. तोडता तोडता तुम्ही विचारलंत, "दोघांस्नी एका जागी ठेवलं तर?"

"दोघं एकदम? मग माझं काय हाड ऱ्हातंय?" जाऊ म्हणाली.

"सगळं वरीस न्हवं. मिरगापासनं दिवाळीपतोर हितं, दिवाळीनंतर हिच्याकडं."

जावेचे हात थांबले. "म्हंजे दिवाळीनंतर मी मोकळी? माझ्या माहेराला चार दिस जायचं तर कुणाला इचारायला नको?"

"न्हाय."

"आन म्हातारीचं बोलणं म्हातारा ऐकंल, मला ऐकाय नको?"

तिघी इतक्या हसलो की गोठ्यातून मामा विचारायला आले, काय झालं म्हणून. पुरुषांनी नंतर खूप खळखळ केली. दोन माणसं एकदम कशी परवडतील, लोक काय म्हणतील, पंचांनी ठरवलेलं मोडायचं कसं. पण करणाऱ्या आम्ही दोघी एका बाजूला झालो होतो, तेव्हा त्यांचं काही चाललं नाही. आणि गंमत अशी, की दोन माणसांचं करणं एका माणसापेक्षा हलकं निघालं. मामांनी आंघोळ टाळली की आत्ती ओरडायच्या, आत्तींनी गोळी टाळली की मामा वाटी-पाणी घेऊन पुढ्यात उभे राहायचे. त्यांचा अर्धा दिवस एकमेकांवर देखरेख करण्यात जायचा. आम्हांला फक्त भाकऱ्या टाकायच्या उरल्या.

मात्र तुमच्या धारवाडच्या सरांनी, ज्यांच्या हाताखाली हा अभ्यास चालला होता, तुम्हाला बोल लावले. तुम्ही विचारायला गेला होतात, बदलायला नाही, म्हणाले. आमची दोन्ही घरं तुमच्या अभ्यासातून काढून टाकावी लागली. मी चिडले. "तुमच्या पुस्तकात सगळं आहे आणि हेच नाही?" तुम्ही म्हणालात, "सर नियमानं बरोबर हायत. आणि मीबी बरोबर हाय." तुम्ही अशा दोन्ही बाजूंनी बरोबर असायचात आणि मला भांडायला जागा ठेवायचा नाहीत.

आत्ती-मामा कडोलीला असतील ते महिने मला मोकळे मिळायला लागले आणि तुम्ही मला कामाला जुंपलंत. खानापूरकडच्या वाड्या, निपाणीतली तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची घरं, बेळगावातली कानडी घरं, मुसलमानांची घरं. त्या दिवसांत भाषेवरून आपल्याकडं किती तापलेलं असायचं, कुठल्या भाषेतला कागद पुढं करायचा याची मला धास्ती वाटायची. तुम्ही म्हणालात, म्हातारं माणूस ज्या भाषेत सुनेला ओरडतं त्या भाषेत विचारायचं. दारात उभं राहून ऐकायचं आणि मग कागद काढायचा. एका घरात म्हातारी दोन्ही भाषांत ओरडत होती, तेव्हा आपण दोघी रस्त्यावर येऊन हसत उभ्या राहिलो होतो. सुनेशी बोलायचं तर तिच्या हातातलं काम आधी आपल्या हातात घ्यायचं, हेही तुमच्याकडूनच शिकले. रिकाम्या हाताच्या माणसाला आमच्याकडची बाई खरं सांगत नाही.

आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते निपाणीहून येताना, गाडीत. तुमच्या ओळखीच्या एक परदेशी बाई होत्या, त्यांची आई एकटी राहायची आणि खुशीत होती, असं तुम्ही आत्तींना सांगितलं होतं. आत्ती म्हणाल्या होत्या, "एकटी? मग भाकरी करून घालती कुणाला?" मी आत्तींच्या बाजूची. म्हातारपणी एकटं राहून कुणी सुखात असू शकत नाही, तिथल्या लोकांना म्हणायची सवय असेल, असं मी ठणकावलं. तुम्ही म्हणालात, "तिला कुणी टाकली न्हाय सुनंदा, ती सोताहून म्हणाली ऱ्हाते म्हणून. काय फरक न्हाय व्हय?" मी म्हटलं, "न्हाय. एकटं ते एकटंच." गाडी संकेश्वरला थांबली, लोकांनी भजी खाल्ली, गाडी सुटली, तरी आपण भांडतच होतो. शेजारच्या आजोबांनी जागा बदलून घेतली.

मामा गेले ते आमच्या घरी. आत्ती उशाशी होत्या, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. शेवटी ते काय बोलले ते आत्तींनी कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते त्यांच्या दोघांचं होतं. तुम्ही त्या दिवशी माझ्या दारात आला नसतात तर मामा गोठ्यात गेले असते आणि आत्तींना सांगावा पोचायला संध्याकाळ झाली असती. ह्याचे आभार मी तुमच्यापुढं कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही चहा टाकायला उठून गेला असतात.

आणि एक राहिलं. पुढं आईंना दिसेनासं झालं तशा तुम्ही बेळगावची नोकरी सोडून निपाणीला येऊन राहिलात. एकदा मी आले तेव्हा तुम्ही आईंच्या डोक्याला तेल लावत होतात आणि दोघी कशावरून तरी हसत होतात. तुम्ही दमत नाही का हो, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या आनंदात होतात तुम्ही दोघी, की माझा प्रश्न तिथं शोभला नसता. आता वाटतं, तुम्ही खरंच दमत नसाल. किंवा दमत असाल आणि तरी आनंदात असाल. तुमच्या कागदावर ह्याला कुठं खूण करायची, ते तुम्हालाच माहीत.

तुम्ही गेल्याचं आत्तींना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "तिच्या आईला कोण हाय गं?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "माझं थोरली करंल. तू जा."

तर परवाचं सांगते. भाऊ अंगणात महिने वाटत होते. मी कोण बोलणार? नात्याची नाही, गोत्याची नाही. उठून आत गेले. आईंच्या पुढ्यात सोलायला घेतलेला लसूण होता. मी मूठभर माझ्याकडं ओढला आणि सोलायला लागले. थोड्या वेळानं विचारलं, "आई, तुमाला कुठं ऱ्हावंसं वाटतंय?"

"मला?" त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "मला कोण इचारतंय?"

"मी इचारतीय की."

मी गप्प बसले. फार अवघड असतं हो ते. बाहेर भावांचंही बोलणं थांबलं होतं.

"हुबळीला जिना हाय," आई म्हणाल्या. "पुण्यात कुणाचं दार उघडं नसतंय. हितं मला दिसत न्हाय तरी हात घातला की पायजे ते घावतंय. सकाळ झाली की वखारीतल्या माझ्या बाया येत्यात, आमी च्या पितोय, भांडतोय. मी हितंच ऱ्हाणार."

"एकट्याच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एकटी कशी? माझी लेक ह्या घरातनं गेली. तिची लुगडी हितं हायत, चष्मा हितं हाय. मला हितं रडू द्या की गं." मग त्यांनी दाराकडं तोंड करून आवाज चढवला. "आयकलं काय रं दोघांनी? मला फिरवू नगा. तुमीच फिरा!"

धाकटे आत आले आणि लहान पोरासारखे आईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. महिन्यातनं एकदा येतो, म्हणाले. "म्हयन्यानं न्हवं, पंधरा दिसानं," आई म्हणाल्या, "आन बायकूला आन संगट. तिलाबी जरा इसावा हुईल." थोरले दारातच उभे होते. शेजारच्या आवळेबाईंशी, म्हणजे आईंच्या वखारीतल्या मैत्रिणीशी, त्यांनी रात्रीच्या सोबतीचं बोलून घेतलं. त्या म्हणाल्या, सांगायला कशाला पाहिजे, पोरगी गेल्यापासनं मी हितंच झोपतीय. मग थोरल्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं. नवीन कुलूप होतं. घर बंद करायला सकाळीच बाजारातून आणलं होतं त्यांनी.

गाडीतलं ते भांडण तुम्ही जिंकलात, आक्का. मला कबूल करायला जड जातंय आणि तुम्ही असतात तर मी आणखी दहा कारणं काढली असती. पण आईंच्या तोंडून ऐकल्यावर माझ्याकडं एकही उरलं नाही.

मी सकाळच्या गाडीनं निघाले. वखारीतल्या बाया येऊन बसल्या होत्या, आई कुणाला तरी साखर कमी पडली म्हणून झापत होत्या. ते कुलूप अजून कागदातच आहे, आक्का. तुमच्या घराचं दार उघडं आहे.